सात नंबरच्या काठीवरचा हिरवा पट्टा

पिशवीत काठ्या नऊ होत्या. दोन लाकडी डोक्यांच्या, सहा लोखंडी आणि एक सपाट तोंडाची, चेंडू हळूच भोकात ढकलायची. शिवाय चेंडू सहा, त्यांतला एक पिवळा. माशांपासून चेहरा झाकायची जाळी एक. पेपरमिंटच्या गोळ्यांचे अर्धे पाकीट. पुसायचे फडके एक, पण ते वाळून पापडासारखे कडक झालेले. आणि प्लॅस्टिकच्या हिरव्या गवताच्या चटईचा, वहीच्या पानाएवढा एक तुकडा.

सहा लोखंडी काठ्यांपैकी एक मी. मित्रांनो, मी गोल्फ खेळायची सात नंबरची जुनी काठी आहे.

माझा जन्म सिडनीतल्या एका कारखान्यात झाला. लालभडक तापवलेला पोलादाचा तुकडा साच्यात ठेवला आणि त्यावर यंत्राचा घण पडला. त्या एका दणक्यात मला तोंड मिळाले. मग घासणे, तोंडावर बारीक खाचा पाडणे, वरून चकाकता मुलामा. माझे तोंड सरळ उभे नाही. ते अडतीस अंशांनी मागे कललेले आहे आणि या कलातच माझी सगळी विद्या आहे. चेंडू हवेत चढतो तो या कलामुळे. खेळणाऱ्याने त्याला उचलायला जायचे नसते. त्याने फक्त मला खाली, पुढे नेत चेंडूवर आणायचे. वर धाडायचे काम माझे.

माझ्या तोंडावर नाण्याएवढी एक जागा आहे. चेंडू तिथे लागला तर मूठ धरणाऱ्याच्या हाताला जवळजवळ काहीच जाणवत नाही, आणि तेच सुख असते. इकडेतिकडे लागला की कोपरापर्यंत झिणझिण्या जातात. चेंडू माझ्याजवळ सेकंदाचा दोन हजारावा भाग इतकाच वेळ थांबतो. पण तेवढ्यात मला सगळे कळते: कुठे लागला, कोणत्या बाजूने, माती आधी की चेंडू आधी. फक्त सांगता येत नाही.

मला पहिल्यांदा विकत घेतले बर्नी टकवेल यांनी. हॅलोरन्स टँक या गावाबाहेर त्यांची गव्हाची शेती होती. मोठा शांत हात होता त्यांचा. त्यांनी मला इतकी वर्षे त्याच नाण्याएवढ्या जागेवर वापरले, की तिथला मुलामा झिजून खालचे पोलाद दिसू लागले. लोक मला हातात घेऊन ती जागा बघत आणि म्हणत, “बर्नी, ही काठी आहे की तुझी सही?” माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक.

मग बर्नींचे गुडघे गेले आणि मी मेंढ्यांची लोकर कापायच्या शेडमध्ये जाऊन पडले. तिथे माझ्याकडून रंगाचे डबे उघडून घेतले गेले. एकदा कोपऱ्यातल्या सापाला हुसकण्यासाठी मला पुढे केले. तो माझ्याइतकाच नाराज दिसत होता. शेवटी कोंबड्यांच्या खुराड्याची झडप उघडी राहावी म्हणून मला तिच्याखाली टेकू दिला. तिथे मी बरीच वर्षे उभी होते. माझ्या खाचांमध्ये काय काय साचले ते मी सांगत नाही.

तिथून मला सोडवले बर्नींच्या पुतणसुनेने. तिचे नाव नोरीन. ती शाळेची बस चालवायची. उंच, हाडापेराने मजबूत बाई. तिचा नवरा क्लेम शेडच्या दारात उभा राहून म्हणाला, “अगं, ती काढलीस तर झडप पडेल की!”

“मग तू उभा राहा तिथं. नाहीतरी दिवसभर काय करतोस?”

नोरीनच्या हाती मी पुन्हा माणसांत आले. तिची जोडीदार व्हॅल्डा प्रीस, गावच्या पोस्टात काम केलेली, बुटकी, आणि आवाज असा की पलीकडच्या शेतातले कुत्रे उठून बसावे. दोघींना जोडीचा खेळ आवडायचा. त्यात दोघींचा मिळून चेंडू एकच. एक फटका एकीने मारायचा, पुढचा दुसरीने. म्हणजे एकीने चेंडू झुडपात घातला तर तो दुसरीने काढायचा. अशा खेळात मैत्री लवकर तुटते किंवा कधीच तुटत नाही. यांची तुटली नव्हती.

हॅलोरन्स टँकचे मैदान गव्हाच्या शेतांना लागून आहे. पाणी कमी, म्हणून भोकांभोवती हिरवळ नसते. तेल शिंपडून बसवलेली काळी वाळू असते. आपला खेळ झाला की मागून येणाऱ्यांसाठी लोखंडी फळी ओढून वाळू सारखी करायची. जो करत नाही त्याच्याविषयी गावात पावाच्या दुकानातसुद्धा बोलले जाते. आणखी एक रीत आहे. जमीन उघडीबोडकी आणि खडीसारखी टणक असल्याने चेंडू हाताने उचलून जवळच्या गवताच्या पुंजक्यावर ठेवायची मुभा असते. नोरीन तसे करायची, सगळेच करायचे. तरीही तिचा फटका नेमका होता आणि बर्नींच्या झिजलेल्या जागेवर तिचीही झीज चढत होती.

मग दुष्काळ पडला. एक उन्हाळा, दुसरा, तिसरा. गवताचा पुंजकाच उरला नाही. तेव्हा समितीने ठरवले, की प्रत्येकाने चटईचा तुकडा जवळ बाळगावा आणि चेंडू त्यावर ठेवून मारावा. काठ्या वाचतात, मनगटेही वाचतात. सगळे खूश झाले. नोरीनचे फटके तर आणखी सोपे झाले. मला मात्र काहीतरी वेगळे जाणवू लागले होते.

तीन वर्षांनी पाऊस आला. मैदान हिरवे झाले, चटया बंद झाल्या. आणि नोरीनचा खेळ मोडला.

ती मारायची आणि चेंडू हवेत जायचाच नाही. घाबरलेल्या सशासारखा जमिनीवरून पळायचा. कधी मी चेंडूच्या आधीच मातीत रुतायचे आणि चेंडूपेक्षा ढेकूळ लांब जायचे. “व्हॅल, ढेकूळ मोजायचं का?” नोरीन विचारायची. सुरुवातीला दोघी हसायच्या.

नंतर हसणे थांबले, कारण व्हॅल्डाचे डोळे चालले होते. तिला कडेचे दिसायचे, मधले नाही. “समोर बघितलं की मला तुझे दोन्ही कान दिसतात, नॉर, तोंड दिसत नाही. तसा फायदाच आहे,” ती म्हणायची. शहरातल्या डॉक्टरांनी तिला सांगितले होते, की पुढच्या मोसमापर्यंत पायाजवळचा चेंडूही दिसणार नाही. नदीकाठच्या विल्गा क्रॉसिंग गावी दरवर्षी जोडीच्या खेळाची ढाल असते. जिंकणाऱ्या जोडीची नावे त्या लाकडी ढालीवर रंगवतात. या दोघी तिथे दोनदा दुसऱ्या आल्या होत्या. व्हॅल्डाला खेळता येईल अशी आता ही एकच, यंदाची ढाल उरली होती.

गावच्या संघाची कप्तान शेरिल. ती वाईट नव्हती, पण तिला जिंकायचे होते. एका शनिवारी चहाच्या वेळी अंड्याचे सँडविच हातात घेऊन ती व्हॅल्डाला म्हणाली, “हे बघ व्हॅल, ढालीसाठी मी तुझ्याबरोबर माझ्या भाचीला घालते. पोरगी सरळ मारते.”

“तुझी भाची माझा चेंडू कुठं पडला ते सांगेल?”

“सांगेल की!”

“गेल्या वेळी विचारलं तर म्हणाली, ‘तिकडे’. मी म्हटलं, बाई, मला तिकडेच दिसत नाही!”

“पण नोरीनचा चेंडू उडतच नाहीये!”

“म्हणूनच मला ऐकू येतो ना, गवतातून सळसळत जाताना.”

शेरिलने शेवटी पुढच्या शनिवारपर्यंत मुदत दिली. नोरीन चहाची किटली हातात घेऊन पाठमोरी उभी होती. तिने सगळे ऐकले.

आता सल्ले सुरू झाले. त्या मैदानावर चुकलेल्या प्रत्येक फटक्यावर एकच औषध आहे: “डोकं वर केलंस!” कोणीही कोणालाही सांगतो. क्लेमने तर खेळ न बघता, मोटारीत बसूनच सांगितले. व्हॅल्डालाही तेच वाटले. “तू घाईनं बघतेस चेंडू कुठं गेला ते. मला सांगायचं असतं ना, म्हणून. चूक माझीच आहे,” ती म्हणाली आणि नोरीनच्या समोर उभी राहून तिने एका काठीची मूठ नोरीनच्या टोपीवर टेकवून धरली. “हललीस तर टोचेल. मार.”

“व्हॅल, तुला मी नीट दिसत तरी आहे का?”

“कान दिसतायत. मार.”

नोरीनने मान आवळली, डोके खाली धरले, अंग मागच्या पायावर ताठ राहिले, आणि मी चेंडूच्या दोन बोटे मागे जमिनीत घुसले. पुन्हा मारले, पुन्हा तेच. जितके डोके खाली, तितकी मी मागे. मित्रांनो, मला सगळे माहीत होते. डोक्याचा दोष नव्हता. माझा तळ चेंडूच्या आधी जमिनीला लागत होता. लागून उसळला तर चेंडूच्या डोक्यावर बसत होता. पण पोलादाला आवाज एकच, ठण्ण, आणि त्याचा अर्थ कोणी लावत नव्हते.

शुक्रवारी दुपारी पावसाची सर आली म्हणून दोघी पत्र्याच्या क्लबघराच्या ओसरीवर बसल्या. नोरीनने मन घट्ट करून सांगितले, “व्हॅल, शेरिलचं ऐक. भाचीबरोबर खेळ. मी पिशवी वाहीन, चेंडू कुठं गेला तेही सांगेन. आणि माझ्या काठ्या तिला वापरू देत.”

व्हॅल्डाने टोपी काढून बाकावर आपटली.

दुसऱ्याच्या हाती द्यायच्या तर स्वच्छ हव्यात, म्हणून नोरीनने टर्पेंटाइनची बाटली काढली आणि ते कडक फडके मऊ करून आम्हाला एकेक पुसायला घेतले. तीन वर्षांत तिने आम्हाला नीट पुसले नव्हते. धूळच तर होती, झटकली की झाले. माझे तोंड पुसून झाल्यावर तिने मला उलटे केले. माझ्या तळावर, मातीच्या थराखाली, एक हिरवा पट्टा निघाला. घासला तरी जाईना. नोरीनने नखाने खरवडला.

“व्हॅल, हे काय असेल गं? हिरवं. गवताचं नाही, गवत पुसलं जातं.”

व्हॅल्डाने मला घेतले आणि अंगठा फिरवला. मग नाकाशी नेले. “प्लॅस्टिक. वितळलेलं. तुझी चटई.”

“चटईला काठी घासणारच की.”

“कुठं आहे पट्टा? नीट सांग. मला मधलं दिसत नाही.”

“तळाला. मागच्या कडेपासून सुरू होतो, पुढच्या कडेपर्यंत येतो.” नोरीन थांबली. ती बस चालवणारी बाई. चाकाच्या झिजेवरून गाडी कुठे ओढते ते ओळखणारी. तिने पिशवीतून चटईचा तुकडा काढला. मधोमध चेंडू ठेवायची जागा अगदी नवी होती. तिच्या मागे, चार बोटांवर, प्लॅस्टिकचे गवत जळून चपटे झाले होते.

“म्हणजे मी चटईला आधी मारत होते,” ती म्हणाली.

“आणि चटई गुळगुळीत. काठी घसरत पुढे जायची आणि चेंडू उडायचा. आपल्याला वाटायचं, वा, काय फटका!”

“तीन वर्षं?”

“तीन वर्षं! आणि मी तुझ्या टोपीवर काठी टेकवत बसले!” व्हॅल्डा इतकी मोठ्याने हसली, की तारेवरचे पोपट उडाले.

क्लबघरामागे तेल लावलेल्या वाळूचा एक ढीग होता, मैदानात भर घालायला ठेवलेला. पाऊस थांबल्यावर दोघी तिथे गेल्या. लोखंडी फळीने वाळू सपाट केली. नोरीनने बोटाने एक आडवी रेघ ओढली. चेंडू ठेवलाच नाही. रेघेवर चेंडू आहे असे समजून तिने मला फिरवले. वाळूत माझा चरा उमटला. तो रेघेच्या मागे, वीतभर अंतरावर सुरू होत होता. व्हॅल्डाने गुडघ्यांवर बसून तो हाताने चाचपला.

“हा बघ तुझा आजार. डोकं सोड. वजन पुढच्या पायावर ने, आणि तिथंच राहू दे. छाती रेघेच्या पुढे. हात आधी पोचू देत, काठी मागून येईल.”

“मग चेंडू वर कसा जाणार?”

“तो काठीचा प्रश्न आहे. तिचं तोंड कशाला वाकडं केलंय?”

मित्रांनो, माझ्या पोलादाला त्या क्षणी काय वाटले ते मी सांगू शकत नाही.

चरा रेघेजवळ सरकला. मग मागे गेला, कारण नोरीनने पुन्हा चेंडू उचलायचा प्रयत्न केला. “उचलू नकोस, बसमध्ये चढवायचं पोर नाहीये ते!” व्हॅल्डा ओरडली. मग पुन्हा पुढे. संध्याकाळपर्यंत चरा रेघेवर सुरू होऊन पुढे चार बोटे जाऊ लागला. मग रेघेवर चेंडू ठेवला. मी आधी चेंडूला भेटले, नंतर वाळूला. आवाज वेगळा आला, घट्ट आणि आखूड. व्हॅल्डाने डोळे मिटले होते.

“लागला,” ती म्हणाली. “बर्नीसारखा.”

शनिवारी शेरिलने स्वतः बघितले आणि भाचीचे नाव खोडले.

मित्रांनो, इथे मला तुम्हाला एक सांगायचे आहे. मी जुनी आहे, म्हणून नाही, तर माझ्यावर जे काही घडते ते सगळे माझ्या अंगावर राहते, म्हणून. तुमच्या सायकलच्या टायरवर, बुटाच्या टाचेवर, कंपासपेटीतल्या पट्टीवरही राहते. वस्तू वापरली की पुसा, आणि पुसताना बघा. ती कुठे झिजली, कुठे डागाळली, हे तिने तुमच्याविषयी लिहिलेले असते. नोरीनने मला दर आठवड्याला पुसले असते, तर तीन वर्षे वाचली असती. आणि त्या शुक्रवारी तिने मला दुसऱ्या कुणासाठी पुसले नसते, तर कदाचित कधीच कळले नसते. मला त्या दोघींचा अभिमान वाटतो, तो त्यांच्या फटक्यांमुळे नाही. चूक सापडली तेव्हा एकीने लाज धरली नाही आणि दुसरीने बोट दाखवले नाही, म्हणून.

विल्गा क्रॉसिंगचे मैदान नदीचे पाणी पिऊन माजलेले, मऊ, हिरवे. तिथे चेंडू उचलून ठेवायची मुभा नाही. जिथे पडेल तिथून मारायचा. दोघी चांगल्या खेळल्या. अंतिम सामना शेवटच्या भोकापर्यंत गेला आणि बरोबरीत सुटला. या ढालीचा नियम असा, की बरोबरी झाली तर प्रत्येक जोडीतल्या एकीने शंभर मीटरवरून एकच फटका मारायचा. चेंडू हातातून सोडायचा आणि पडेल तिथून मारायचा. ज्यांचा चेंडू झेंड्याच्या भोकाच्या अधिक जवळ, ढाल त्यांची.

“व्हॅल, तू मार,” नोरीन म्हणाली. “ही तुझी ढाल आहे.”

“मला झेंडा दिसत नाही आणि तुला चेंडू मारता येत नव्हता. त्यांतलं एकच बरं झालंय. जा.”

समोरच्या जोडीतून पॅट्रिशा लॅटिमर आली. तिचा फटका सुरेख होता. चेंडू उंच गेला, हिरवळीवर पडला, थोडा घरंगळला. पंचांनी पोलादी टेप लावला आणि मोठ्याने सांगितले, “तीन मीटर एकोणचाळीस.” मग त्या जागी खूण करून चेंडू उचलला.

नोरीनने चेंडू सोडला. तो एका उथळ खळगीत जाऊन बसला, ओल्या गवतात अर्धा बुडून. ती एकदम वाकली. इतक्या वर्षांची सवय. हात चेंडूपर्यंत गेलाच होता, उचलून जरा बऱ्या जागी ठेवायला.

“नॉर!” व्हॅल्डाचा आवाज कडाडला. तिला दिसले काहीच नव्हते, फक्त जाकिटाची सळसळ ऐकू आली होती. “इथं उचलायचं नसतं!”

नोरीनचा हात हवेतच थांबला. तिने तो पॅंटला पुसला. सरळ उभी राहिली. मग तिने पिशवीतून मला घेतले.

मी मागे गेले. वर थांबले. तिचे वजन पुढच्या पायावर उतरले आणि मी खाली आले, तिच्या हातांच्या मागून. आधी चेंडू. नाण्याएवढी ती जागा, बर्नींची आणि तिची. मग गवत, मग माती. हिरवळीची एक पातळ चकती पुढे उडाली.

“लागला!” व्हॅल्डा म्हणाली.

“चढला,” नोरीन सांगू लागली. “सरळ आहे. नाही, डावीकडे जातोय. वारा आणतोय त्याला. पडला. उडी मारली. सरकतोय अजून... थांबला.”

“जवळ आहे का?”

“इथून कळत नाही गं. तिच्या खुणेइतकाच वाटतोय.”

दोघी चालत गेल्या, व्हॅल्डा नोरीनच्या कोपराला धरून. नोरीनच्या दुसऱ्या हातात मी होते. हिरवळीवर पंच ओणवे झाले. टेपचे एक टोक भोकाच्या कडेला धरायला कोणीतरी हवे होते. व्हॅल्डा गुडघ्यांवर बसली, भोकाची कड बोटांनी शोधली आणि टेपवर अंगठा दाबून ठेवला. पंचांनी टेप ताणला, चष्मा वर केला आणि आकडा वाचला.

“तीन मीटर सव्वीस.”